लिस्बन, तेही चैत्रातच

“पप्पा, लिस्बनला तुम्ही मला लग्न ठरवायला नेताय का?”

प्रश्न खरं तर सईचा नव्हता. तो वैष्णवी आणि प्रेरणा या तिच्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या मागच्या पायरीवर बसून, पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावत तयार केला होता. विचारून दाखव, असं प्रेरणा म्हणाली, आणि हिच्यात कुठली हिंमत, असं वैष्णवी. गेल्या वर्षीची सई असती तर तिनं पेरू संपवून विषयही संपवला असता. गेल्या वर्षीची सई वर्गात ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायची की सरांना दोनदा मान वर करावी लागायची. पण यंदाच्या सव्वीस जानेवारीला संचलनाचा झेंडा तिच्या हातात आला, आज्ञा द्यायचं कामही तिच्याकडेच आलं, आणि तिनं दिलेलं ‘सावधान’ म्हणे भोरच्या राजवाड्यापर्यंत ऐकू गेलं. आपल्याला आवाज आहे हे तेव्हापासून तिला कळलं होतं. नवी सायकल मिळाल्यावर माणूस जसं दुकानापर्यंत चालत जायचं विसरतो, तसं तिचं आवाजाचं झालं होतं. जिथं तिथं वापरून बघायचा.

तर प्रश्न पडला जेवणाच्या ताटात. तिची आई मालिनी, जी दिवसभर आपल्या औषधांच्या दुकानात लोकांची दुखणी ऐकून संध्याकाळी गंभीरच असायची, ती इतकी हसली की पाण्याचा तांब्या खाली ठेवून तिला भिंतीला टेकावं लागलं. तुला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तुला कोण मागणी घालणार, असं काहीतरी ती हसता हसता म्हणाली.

पप्पाही हसले. पण सईचं लक्ष त्यांच्या हसण्यावर नव्हतं, त्याच्या आधीच्या क्षणावर होतं. ‘लिस्बनला तुम्ही मला’ इथपर्यंत ऐकताना पप्पांचा घास हातातच थांबला होता. ‘लग्न’ हा शब्द आला आणि त्यांचे खांदे खाली आले. लपाछपीत राज्य असलेला गडी शेजारच्या खोलीत शिरला की पडद्यामागच्याचा जो चेहरा होतो, तोच चेहरा. म्हणजे लग्न नाही. पण पडद्यामागे कोणीतरी आहे.

“वेडी आहेस का,” पप्पा म्हणाले आणि त्यांनी घास तोंडात घातला.

सई वेडी नव्हती. संशयाला कारणं होती आणि ती तिनं गोळा केली होती.

पहिलं कारण म्हणजे पप्पा स्वतः. गंगाधर हे त्यांचं नाव, पण भोरमध्ये त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. सरकारी खात्यात भूकरमापक. दोन भावांच्या मधला बांध कुठं आहे हे टेप लावून सांगायचं आणि मग दोघांच्याही शिव्या खायच्या, असं त्यांच्या कामाचं वर्णन ते स्वतः करत. या माणसानं आजवर कुटुंबाला नेलं ते गणपतीपुळ्याला, दोनदा, आणि दोन्ही वेळा परत येताना म्हणाले होते की घर ते घर. पासपोर्ट तीन वर्षांपूर्वी आत्याच्या आग्रहापायी काढलेले, ते कपाटात कपड्यांच्या खाली पडून होते. असा माणूस फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ऑफिसातून येतो, बूट काढायच्या आत म्हणतो की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपण लिस्बन बघायला जाऊ, पोर्तुगालची राजधानी, समुद्रकाठी आहे, जुनी आहे, तिकडे तेव्हा वसंत ऋतू असतो.

दुसरं कारण परीक्षा. सई नववीत होती आणि नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्येच होती. तीन वर्षांपूर्वी अंगात ताप असताना सहामाहीचा पेपर द्यायला तिला रिक्षातून पाठवणाऱ्या पप्पांनी यंदा स्वतः मुख्याध्यापकांना भेटून, तिचे पेपर नंतर घेण्याची परवानगी आणली होती. हे ऐकल्यावरच वैष्णवी म्हणाली होती की परीक्षा बुडवून नेतायत म्हणजे लग्नच, दुसरं काही असूच शकत नाही.

आणि तिसरं, फोन. पप्पा गच्चीवर जाऊन बोलत होते, आणि वाळलेले कपडे आणायला गेलेल्या सईला जिन्यातच ऐकू आलं की पोरगी पंधराची आहे, तिला आत्ता यात ओढायला नको, एकदा समुद्रापलीकडे गेलं की विषय मिटला. सईला बघून त्यांनी फोन खिशात घातला आणि उगाचच पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावले.

आता यातून लग्न वजा केलं तर उरलं काय, हे तिला कळेना.

लिस्बनचा बेत मात्र तिच्याच हातात होता, आणि हीच गोची होती. पप्पांनी त्यांची एक कोरी मोजणीची वही, आखीव रेघांची, तिला देऊन टाकली आणि सांगितलं की कुठं कुठं जायचं ते तू ठरव. सईनं पहिल्या पानावर ‘लिस्बन : आठ दिवस’ लिहून खाली नदी काढली. तेजो नदी, जी शहरापाशी येता येता इतकी रुंद होते की समुद्रच वाटावी. मग टेकड्या काढल्या. सात म्हणतात, मोजायला गेलं तर जास्त भरतात. एका टेकडीवर साओ जॉर्ज नावाचा किल्ला. त्याची उंची बघून पप्पा पहिल्यांदा खुलले होते, म्हणाले, हे तर आपल्या रोहिडा किल्ल्याच्या मानानं टेकाड आहे, चहा प्यायच्या आधी चढू. अल्फामा नावाची जुनी वस्ती, जिथल्या बोळांतून पिवळी ट्राम घरांच्या भिंतींना घासेल अशी जाते. बेलें भागातला मठ, जिथं वास्को द गामाची कबर आहे. तो सोमवारी बंद असतो म्हणून सईनं सोमवारला लाल फुली मारली. रस्त्यांना काळ्यापांढऱ्या लहान दगडांची फरसबंदी आहे आणि पाऊस पडला की ती निसरडी होते, म्हणून ‘आईचे बूट’ असं लिहून त्याला दोन रेघा मारल्या. आईची चिंता जेवणाची. तिला सईनं समजावलं की आपल्याकडे बोंबील सुकवतात तसा तिकडे कॉड मासा सुकवतात, आणि आई म्हणाली, मग काही परकं नाही.

रोज शाळेतून आलं की सई त्या वहीत शिरायची. एका आठवड्यात तिला लिस्बनच्या बोळांची नावं भोरच्या आळ्यांपेक्षा जास्त पाठ झाली. तिला ते शहर आवडायला लागलं होतं, अगदी मनापासून, आणि म्हणूनच त्यात काहीतरी काळंबेरं आहे हे तिला सहन होत नव्हतं.

लग्नाचा प्रश्न विचारल्यावर दोन दिवसांनी तिनं दुसरा डाव टाकला. तिनं वाचलं होतं की मे संपता संपता लिस्बनचे रस्ते जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात. तिनं पप्पांना फोटो दाखवले. आपण मे महिन्यात जाऊ, तिकडे तेव्हाही वसंतच असतो, माझी परीक्षाही होऊन जाईल आणि तुम्हाला मुख्याध्यापकांकडे पुन्हा जायला नको. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पप्पा फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, “नाही. एप्रिलचा दुसरा आठवडाच.”

का, तर म्हणे रजा मंजूर झाली आहे. रजा बदलता येत नाही का, तर म्हणे नाही. कुठला किल्ला आधी, कुठला मठ नंतर, यात त्यांनी एकदाही तोंड घातलं नव्हतं. आठ दिवस एकाच बागेत बसायचं लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांना फक्त तारखा हव्या होत्या. आणि आणखी एक. तिकिटं आली की त्यांचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाक, असं त्यांनी सईला दोनदा बजावलं होतं. भावकीच्या ग्रुपवर पप्पांनी आजवर टाकलं होतं ते फक्त ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

सई स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान वर केलं आणि त्या आठ तारखांवरून बोट फिरवलं. बरोबर मध्यावर चैत्र वद्य अष्टमी होती.

पारवाडीची जत्रा.

पारवाडी म्हणजे त्यांचं मूळ गाव, वेल्हे तालुक्यातलं, विंझरच्या पुढे फाट्यावरून आत. साठसत्तर उंबरे, भाताची खाचरं आणि भैरवनाथाचं देऊळ. गेल्या वर्षी डोंगरउतारावर मोजणी करताना पप्पा घसरले आणि त्यांच्या उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी बसवावी लागली, तरी हात गळ्यात अडकवून ते जत्रेला गेले होते. आणि यंदा जत्रेतच लिस्बन? तिनं विचारलं तर पप्पा म्हणाले, एखादं वर्ष चुकली तर देव काही रागवत नाही. हे वाक्य त्यांनी कॅलेंडरकडे बघून म्हटलं.

सईनं मग बोटांवर वर्षं मोजली. पालखीशेजारी उंच दांड्याची, पानाच्या आकाराची, जरीकाठी अबदागिरी धरायचा मान त्यांच्या भावकीतल्या चार घरांत पाळीनं फिरायचा. दर चौथ्या वर्षी एका घराकडे. ती अकरा वर्षांची असताना पप्पांनी धरली होती. म्हणजे यंदा पुन्हा आपलीच पाळी.

आईला विचारलं तर तिला यात काहीच विशेष वाटलं नाही. पप्पांचा हात खांद्याच्या वर जात नाही, अबदागिरी तर तासभर वर धरावी लागते, त्यामुळे यंदा पुढच्या घराला द्यायचं ठरलंय, असं पप्पांनी तिला सांगितलं होतं. ऐकायला सरळ होतं. पण मग एवढ्यासाठी समुद्र ओलांडायची काय गरज? हात दुखतो म्हणून मांडवात बसून जत्रा बघणारी माणसं काय कमी असतात?

रविवारी सकाळी सई वैष्णवीबरोबर एस.टी.त बसली. वैष्णवीचं घर विंझरला, ती शाळेसाठी भोरला मामाकडे राहायची आणि रविवारी घरी जायची. तिच्या शेतात हरभऱ्याचा हुळा भाजणार आहेत असं सईनं घरी सांगितलं. खोटं नव्हतं. हुळा होताच, फक्त तो तिनं अर्धाच खाल्ला आणि काळ्या बोटांनी वैष्णवीला ओढत पारवाडीच्या वाटेला लागली. वाटभर वैष्णवीचं एकच चाललं होतं की नवरामुलगा पोर्तुगालचा असेल तर तुला घाऱ्या डोळ्यांची पोरं होतील. सईनं तिला सांगितलं की लग्नाचा मुद्दा निकालात निघालाय, तू मागे राहिलीस.

देवळात चिमाजी गुरव ओसरीवर नेमकी तीच अबदागिरी मांडीवर घेऊन बसला होता. कापडाची जर एका बाजूनं सुटली होती, ती तो दाभणानं टाचत होता. वय सत्तरीच्या पुढचं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं सईला ओळखायला थोडा वेळ घेतला आणि ओळखल्यावर मात्र दाभण खाली ठेवलं.

“गंगाधरची सई न्हवं तू? आन् तू कशी आलीस हितं? तुला तर यायचंच न्हवतं म्हनं.”

सई पायरीवर बसली. कुठं यायचं नव्हतं, असं तिनं विचारलं. चिमाजीनं वैष्णवीकडे एकदा बघितलं, ही परकी तर नाही ना अशा नजरेनं, आणि मग सांगायला लागला.

माघी पौर्णिमेला देवळात गाव बसलं होतं. गंगाधरनं खांदा दाखवला, माझ्यानं यंदा होत नाही म्हणाला. तेव्हा कोणीतरी मोबाईल काढला. त्यात सईचा संचलनातला व्हिडिओ होता, झेंडा घेऊन चाललेली. भावकीतली सगळ्यांत म्हातारी बाळाबाई, तिनं तो तीनदा बघितला आणि म्हणाली, ही पोरगी घराची वारस न्हाई व्हय? हिनं धरायची. गाव आधी हसलं, आणि मग एकेकानं मान डोलावली. आजवर पोरीच्या हातात अबदागिरी गेली नव्हती, पण जाऊ नये असंही कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. एकटा मानसिंग उठला. मानसिंग म्हणजे पप्पांचा चुलतभाऊ, पाळीतलं पुढचं घर त्याचं. तो म्हणाला, पोरीनं धरली तर मी आणि माझी दोन्ही पोरं पालखीला खांदा देणार नाही. आणि निघून गेला.

“मग तुझा बाप चार दिसांनी आला,” चिमाजी म्हणाला, “आन् नारळ ठिवून गेला.”

त्यानं गाभाऱ्याकडे बोट केलं. देवाच्या उजव्या हाताला, समईच्या मागे, शेंडी असलेला एक नारळ होता. त्यावर हळदीकुंकू होतं.

नारळाचा अर्थ सईला माहीत नव्हता. चिमाजीनं तो सांगितला तेव्हा तिला आधी हसू आलं. पाळी आली की ती घरानं धरायचीच. नको म्हणायची सोय नाही. आजारी असला तर खाटेवर घालून आणतात. घरातलं दुसरं कोणी असेल तर त्याच्या हातात देतात. गावाबाहेर असला तर गाडी पाठवतात. मागे रखमाजी नावाचा एक जण पाळी टाळायला नाशिकला जाऊन बसला होता, तर गावानं जीप पाठवून त्याला तसाच, दाढीच्या अर्ध्या फेसासकट, आणला होता. एकच माफी आहे. घर समुद्रापलीकडे असेल तर नारळ ठेवायचा. मग पाळी पुढच्या घराला जाते आणि कोणी कोणाला बोल लावत नाही. चिमाजीच्या हयातीत असा नारळ एकदाच ठेवला गेला होता, भावकीतला एक जण लष्करातून परदेशात गेला होता तेव्हा.

“तुझा बाप मोजनीवाला. किती लांब गेल्यावर माफी व्हती ते बरुबर मोजून गेला.”

वैष्णवी खो खो हसली. सईही हसत होती, पण तिचं हसू मध्येच थांबलं, कारण तिला चिमाजीचं पहिलं वाक्य आठवलं.

“आबा, मला यायचं नव्हतं असं कोण म्हणालं?”

चिमाजीनं पुन्हा दाभण हातात घेतलं. दोरा ओवताना दोनदा चुकला.

“बाळाबाईनं त्याला इचारलं की पोर काय म्हनती. तर म्हनला, पोरीला म्या इचारलं. ती नगं म्हनली. तिला फॉरेन बघायचंय.”

ओसरीवर ऊन आलं होतं. अबदागिरीची जर त्यात चमकत होती, आणि सई तिच्याकडे बघत राहिली. आपलं नाव साठ उंबऱ्यांच्या गावानं घेतलं, आपल्यासाठी माणसं भांडली, आणि आपण नको म्हणालो. हे सगळं झालं आणि आपण भोरला बसून आखीव वहीत ट्रामचे रूळ काढत राहिलो.

तिनं विचारलं की तो नारळ उचलता येतो का. चिमाजी म्हणाला, पाडव्यापर्यंत येतो. ज्यानं ठेवला त्यानं, नाहीतर ज्याच्या नावावर पाळी आहे त्यानं. पण घरी सांगून ये, चोरून नारळ मी उचलू देणार नाही. जाताना त्यानं तिला अबदागिरी हातात घेऊन बघायला दिली. दांडा वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि वारा आला की वरचं पान हात पिळवटून टाकत होतं. झेंडा याच्यापुढं काहीच नव्हता. एक तास, असं सई मनात म्हणाली, आणि तिला थोडी भीती वाटली.

फाट्याकडे येताना मागून टेम्पो आला. चालवत होते मानसिंगकाका. त्यांनी दोघींना पुढे बसवून घेतलं, सईच्या हातावरची हुळ्याची काजळी बघून स्वतःचा रुमाल दिला, आई कशी आहे, पप्पांचा खांदा कसा आहे, सगळं विचारलं. याच टेम्पोत घालून त्यांनी गेल्या वर्षी पप्पांना डोंगरातून थेट पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं आणि चार दिवस तिथल्या बाकावर झोपले होते. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं, असं सईला वाटलं.

फाट्यावर उतरवताना ते म्हणाले, “लिस्बनला चाललीस म्हनं. लई झाक. आन् पाळीचं नगं म्हनलीस ते बी ब्येस केलंस. शानी हाईस.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मायेचा होता आणि सईला तो झटकून टाकावासा वाटला. तिनं झटकला नाही, रुमाल मात्र परत दिला. एस.टी.त वैष्णवी काहीबाही बोलत होती, सई मात्र नसरापूर येईपर्यंत तेच दोन शब्द घोळवत होती. शानी हाईस. ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली ती तिनं केलीच नव्हती.

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. पप्पा टेबलावर तिचीच वही उघडून बसले होते आणि किल्ल्यापासून नदीकाठच्या चौकापर्यंत पायी किती अंतर आहे ते पट्टीनं मोजून, नकाशाच्या प्रमाणात, पेन्सिलीनं लिहीत होते. आई शेजारी बसून बुटांचे फोटो बघत होती. मंगळवारी पुण्याला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं. इतकं छान दृश्य या घरात बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं.

या वेळी प्रश्न तिचा स्वतःचा होता.

“पप्पा, मी पाळी नको म्हणाले, असं तुम्ही गावाला सांगितलंत?”

पट्टी वहीवरच राहिली. आईनं मान वर करून आधी सईकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. पाळी सईच्या नावावर आली होती हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि सईनं ते थोडक्यात सांगितलं, माघी पौर्णिमा, व्हिडिओ, बाळाबाई, नारळ. सांगताना तिचा आवाज चढला नाही. चढवता आला असता, पण तिला तो चढवायचा नव्हता.

“अहो, तुम्ही हे बोललात? हिच्या नावानं?” आई म्हणाली.

पप्पांनी नाकारलं नाही. ते बराच वेळ बोलत राहिले. ते म्हणाले की रोज ते दहा घरांच्या बांधावर उभे राहतात. वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत हे त्यांनी बघितलंय. त्यांच्या स्वतःच्या भावकीत तेवढं एक नव्हतं. मानसिंगनं पालखीला खांदा दिला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा देणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी पालख्या दोन होतील, आणि लोक म्हणतील की गंगाधरच्या पोरीपासून फुटलं. हे ओझं त्यांना तिच्यावर नको होतं. आणि मानसिंगला ते नाही म्हणू शकत नव्हते, दवाखान्यातल्या त्या चार दिवसांनंतर तर नाहीच. लिस्बन का, तर दुबईत गावची तीन पोरं आहेत, कोणीतरी म्हणालं असतं की विमानात बसवून पाठवतो. लिस्बनला कोणी नाही. आणि शाळेत असताना नकाशात बघितलेलं, जहाजं जिथून निघाली ते ठिकाण, ते खरंच बघायचं होतं.

“तू वाईट दिसू नयेस म्हणून म्हणालो,” ते शेवटी म्हणाले. “पोरीला फॉरेन बघायचंय म्हटलं की लोक हसून सोडून देतात.”

“हसले नाहीत,” सई म्हणाली. “मला शहाणी म्हणाले.”

पप्पांनी पट्टी उचलून वहीबाहेर ठेवली. आईनं बुटांचे फोटो बंद करून मोबाईल पालथा ठेवला.

सई वहीकडे बघत होती. किल्ला, ट्राम, नदी. पप्पांनी पेन्सिलीनं लिहिलेले बारीक आकडे. तिला हे शहर बघायचं होतं, कोणाला सांगता येणार नाही इतकं बघायचं होतं, आणि जे ती आता बोलणार होती त्याच्यानंतर ते कदाचित कधीच दिसणार नव्हतं. मानसिंगकाकांचा हात पुन्हा डोक्यावर येईल की नाही हेही सांगता येत नव्हतं. आणि तो जड दांडा तासभर आपल्याला पेलेल, याची तरी खात्री कुठं होती.

ती टेबलापासून एक पाऊल मागे सरकली, संचलनात उभी राहते तशी नाही, साधीच.

“तुम्ही दोघं जा,” ती म्हणाली. “मी येणार नाही. मंगळवारच्या ठशांतून माझं नाव काढा. पुढच्या रविवारी मी पारवाडीला जाऊन नारळ उचलणार आहे, आणि त्याच्या आधी मानसिंगकाकांच्या घरी जाऊन त्यांना सांगणार आहे की नको असं मी म्हणाले नव्हते. अबदागिरी मी धरणार.”